शिक्का, शाई आणि पृष्ठभाग: घरातल्या छोट्या वस्तूंची सजावट

निळी_दौत (नौपाडा, ठाणे)

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून रबरी शिक्क्यांनी सजवलेले डबे, करंडे, काचेच्या बरण्या आणि पेल्याखाली ठेवायच्या लाकडी चकत्या देण्याची हौस आपल्याकडे बरीच वाढली आहे. नक्षी निवडण्यात सगळ्यांचा वेळ जातो, शाई मात्र हाताशी असेल ती घेतली जाते आणि मग वाण घेणारीच्या बोटांना जांभळे डाग लागले की शिक्काच वाईट होता असे ठरते. माझे मत असे आहे की या कामात नक्षीचा विचार शेवटी करावा. वस्तूचा पृष्ठभाग ओल शोषतो की नाही हे सर्वांत आधी पाहावे. त्यावरून शाई ठरते आणि वरून कोणता लेप चालेल हेही बहुतांशी त्यातूनच ठरते.

पाहण्याची रीत सोपी आहे. वस्तूच्या तळाला, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब पसरून ती जागा गडद झाली, तर पृष्ठभाग शोषणारा आहे. कच्चे लाकूड, बिनझिलईची माती, सुती कापड आणि पुठ्ठा हे सगळे याच गटात येतात. थेंब जसाच्या तसा उभा राहिला, तर काच, पत्रा, चिनी माती, प्लॅस्टिक आणि पॉलिश केलेले लाकूड यांच्या गटातली ती वस्तू समजावी.

कार्यालयातल्या स्टँप पॅडच्या शाईत पाणी आणि रंग यांच्याबरोबर ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल यांसारखा सहजासहजी न उडणारा द्रव असतो, कारण पॅड लवकर सुकू नये अशी गरज असते. कागदावर ती शाई वाळते असे आपल्याला वाटते, पण खरे पाहता कागदाचे तंतू ती पिऊन घेतात. काचेवर पिणारे कोणीच नसते, त्यामुळे दोन दिवसांनी हात लावला तरी ती पुसली जाते. शिवाय ती जांभळी शाई उजेडात फिकी पडते, म्हणून खिडकीजवळ राहणाऱ्या वस्तूवर, ती शोषणारी असली तरी, मी ती वापरत नाही.

हस्तकलेच्या दुकानांत जी ‘पिगमेंट’ शाई मिळते तिच्यात रंगाचे सूक्ष्म कण असतात. ते पृष्ठभागावर बसतात आणि विरघळलेल्या रंगापेक्षा उजेडात अधिक टिकतात. ही शाई हळू वाळते, आणि तिच्या या मंदपणाचा फायदाही घेता येतो: ओल्या ठशावर एम्बॉसिंगची पूड भुरभुरवून, जादा पूड झटकून, हीट गनने तापवल्यास पूड वितळते आणि नक्षी उठावदार होते. केस वाळवण्याचे यंत्र येथे उपयोगाचे नाही, कारण त्याचा वारा पूड उडवतो आणि उष्णता पुरत नाही.

काच, पत्रा आणि प्लॅस्टिक यांच्यासाठी विद्रावकयुक्त शाई लागते. जपानच्या त्सुकिनेको कंपनीची ‘स्टेझऑन’ ही त्यातली बरीच माहितीची आहे. हिच्यातला द्रव हवेत उडून जातो, म्हणून शोषण नसतानाही ती काही मिनिटांत वाळते. वास उग्र असतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून काम करावे.

चौथा पर्याय ॲक्रिलिक रंगाचा. यात एक पथ्य आहे: रंग शिक्क्यावर ब्रशने फासू नये. बारीक स्पंजाने तो आधी एखाद्या ताटलीवर टिपून घ्यावा आणि मग पोळीला तूप लावावे तितकाच पातळ थर शिक्क्याच्या उंच भागांवर हलके थोपटावा. खाचांत रंग उतरला की पाकळ्या एकमेकींत मिसळतात आणि कमळाचा नुसता ठिपका होतो. ॲक्रिलिक वाळल्यावर त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो आणि तो पाण्याने निघत नाही, त्यामुळे चार-पाच ठसे उठवले की शिक्का लगेच ओल्या कापडावर टेकवावा आणि काम संपताच जुन्या मऊ दातब्रशने, साबणाच्या पाण्याने धुवावा.

सर्वांनी आपापले अनुभव आणि शंका कृपया येथे लिहाव्यात.

खारघरवासी

ताई, लेख अगदी वेळेवर आला. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवासाठी स्टीलच्या लहान डब्या आणून ठेवल्या आहेत आणि झाकणावर पतंग व तिळगुळाच्या वाटीची नक्षी उठवायची आहे. डबी रोजच्या वापरातली आहे, म्हणजे ती घासली जाणार. अशा वेळी विद्रावकयुक्त शाई पुरेशी आहे का, की आधी रंगाचा थर द्यावा लागेल?

निळी_दौत

डबी घासणीने घासली जाणार असेल, तर उघड्या स्टीलवर कोणतीही शिक्क्याची शाई फार काळ टिकणार नाही, हे आधी मान्य करून पुढे जावे. झाकण बारीक पॉलिश पेपरने, साधारण ४०० क्रमांकाच्या, गोल हात फिरवत खरवडावे, म्हणजे चकाकी जाऊन रंगाला धरायला जागा मिळेल. मग स्पिरिटने पुसावे आणि त्यानंतर त्याला बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा अदृश्य असला तरी शाई तेथेच सोडते. स्टीलसाठीचा प्रायमर, त्यावर ॲक्रिलिकचा एकरंगी थर, त्यावर शिक्का आणि शेवटी वॉर्निश हा क्रम ठेवावा. लाल ऑक्साइडचा प्रायमर लोखंडी पत्र्यासाठी असतो, दुकानदाराने तोच पुढे केला तर घेऊ नका.

आपल्या जागी मी असते तर मात्र डबीला हात न लावता तिच्याबरोबर जाड कागदाची एक गोल चकती केली असती आणि शिक्का तिच्यावर उठवला असता. डबी स्वयंपाकघरात जाईल, चकती आवडली तर राहील.

तळ्याकाठचा

एवढी खटपट करण्यापेक्षा छापलेले स्टिकर आणून लावावेत, काम एका संध्याकाळी होते.

निळी_दौत

अवश्य लावावेत. हा धागा शिक्क्यांचा आहे.

खिळे_जुळवणारा (कोर्ट नाका, ठाणे)

माझे आयुष्य शिक्के करण्याच्या धंद्यात गेले, म्हणून शिक्क्याच्या बाजूने थोडे लिहितो. निळी_दौत यांनी शाईबद्दल जे लिहिले आहे ते बरोबर आहे, पण शाई आणि शिक्क्याचा पदार्थ यांचेही एकमेकांशी जमावे लागते आणि ते त्यांच्या लेखात एका शब्दाने येऊन गेले आहे.

आमच्या सुरुवातीच्या काळात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवून मजकूर तयार होत असे. त्याचा साचा घ्यायचा, साच्यावर गंधक मिसळलेल्या कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा आणि तापत्या प्रेसमध्ये तो दाबायचा. उष्णतेने रबर साच्याचा आकार घेते आणि गंधकामुळे तो आकार कायम राहतो. चार्ल्स गुडइयर यांनी या प्रक्रियेचे अमेरिकेतील पेटंट १८४४ साली घेतले आणि तिच्याशिवाय रबरी शिक्का हा प्रकारच झाला नसता, कारण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक होते. असा भाजलेल्या रबराचा शिक्का विद्रावकयुक्त शाई चांगली सोसतो.

आज दुकानात आपल्याला बहुधा पॉलिमरचा शिक्का मिळतो. नक्षीची निगेटिव्ह फिल्म काढतात, तिच्यावर मधासारखे घट्ट द्रवरूप राळ ओततात आणि अतिनील दिवा लावतात. फिल्मच्या पारदर्शक भागातून प्रकाश जेथे पोचतो तेथे राळ घट्ट होते, उरलेली धुऊन टाकतात. हा शिक्का स्वस्त पडतो आणि काही तासांत मिळतो. पारदर्शक असल्याने नक्षी कोठे पडणार हे वरून दिसते, ही त्याची मोठी सोय आहे. पण विद्रावकाच्या वारंवार वापराने तो फुगतो, चिकट होतो किंवा त्याच्या कडा मऊ पडतात, आणि उन्हात ठेवल्यास पिवळा होऊन कडक होतो. तेव्हा काचेच्या बरण्यांचे काम मोठ्या प्रमाणावर करायचे असेल, तर शिक्का रबराचाच करून मागावा.

दुकानात चित्र देताना ते शुद्ध काळ्या-पांढऱ्यात द्यावे, करड्या छटा चालत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा टाळाव्यात. दोन रेषांमधली फट रेषेइतकी तरी असावी, नाहीतर ती शाईने बुजते. ‘फ्लॅश’ शिक्का मात्र या कामासाठी घेऊ नये. त्याची शाई आतल्या फोममध्ये भरलेली असते, त्यामुळे प्रत्येक वस्तूसाठी वेगळी शाई किंवा वेगळा रंग वापरता येत नाही, आणि आपल्या ताईंचा सगळा मुद्दा तर शाई बदलण्याचाच आहे.

निळी_दौत

काका, मनापासून आभार. पॉलिमरचा शिक्का वापरून काचेवर काम करायचे असेल तर काही मार्ग आहे का?

खिळे_जुळवणारा

आहे. शाईऐवजी काचेचा पाण्यावर आधारलेला रंग स्पंजाने लावावा आणि शिक्का साबणाच्या पाण्याने धुवावा. रेषा थोड्या जाड येतात. आणखी एक गोष्ट, बरणी गोल असते म्हणून शिक्का तिच्यावर दाबू नये, तो मधोमध टेकतो आणि कडा अधांतरी राहतात. शिक्का टेबलावर उताणा ठेवावा, त्याच्याखाली पातळ स्पंजाची पट्टी घालावी आणि बरणी दोन्ही हातांनी धरून त्याच्यावरून एकाच दिशेने, न थांबता, एकदाच लोळवावी. मागे फिरवली की दुहेरी छाप उमटतो.

अनघड_हात (ऐरोली)

मला विकतच्या नक्षीपेक्षा स्वतः कोरलेला शिक्का अधिक आवडतो आणि त्यासाठी शाळेत वापरतो तो पांढरा खोडरबर पुरतो. चित्र उलटे काढावे लागेल या धास्तीने पुष्कळ जण मागे फिरतात, पण त्याची गरज पडत नाही. मऊ पेन्सिलीने बटर पेपरवर चित्र सरळ काढावे, कागद खोडरबरावर पालथा ठेवावा आणि नखाने मागून घासावे. शिसे खोडरबरावर उतरते तेव्हा चित्र आपोआप उलटे होते आणि छापताना पुन्हा सरळ होते. देवनागरी अक्षरेही अशीच नीट येतात.

कोरताना पाते रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरके धरावे, म्हणजे रेषेखाली डोंगरासारखा उतार राहतो. पाते आतल्या बाजूला गेले तर रेषेचा पाया पोखरला जातो आणि दाब पडताच ती आडवी होते. वळणदार रेषेवर पाते स्थिर ठेवून खोडरबर फिरवावा. मी हे पातळ कागदकापूने करते, पण ‘व्ही’ आकाराच्या टोकाचे लिनो कोरण्याचे हत्यार मिळाले तर काम पुष्कळ सोपे होते.

ठेवण्याबाबत एक सूचना करते. या खोडरबरात प्लॅस्टिक मऊ करणारे द्रव्य असते आणि ते हळूहळू बाहेर झिरपते, म्हणून तो प्लॅस्टिकच्या डबीला चिकटून बसतो आणि पॉलिश केलेल्या लाकडावर डाग पाडतो. कारखान्यातून खोडरबर कागदी वेष्टनात येतो त्याचेही हे एक कारण आहे. कोरलेले शिक्के साध्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावेत.

नेरुळची_आई

माझा मुलगा दुसरीत आहे आणि त्याला सुट्टीत हे काम द्यावे असे वाटते. लहान मुलांसाठी कोणती शाई योग्य?

निळी_दौत

विद्रावकयुक्त शाई, स्प्रे आणि हीट गन या तिन्ही गोष्टी मुलांपासून दूर ठेवाव्यात. पोस्टर कलर आणि भेंडीचा आडवा काप यांनी सुरुवात करावी, कारण पाच पाकळ्यांचे ते फूल पहिल्याच ठशाला जमते आणि मूल खूश होते. कापलेल्या भाजीचे पाणी आधी कापडाने टिपून घ्यावे, नाहीतर रंग पातळ होऊन पसरतो. वस्तू म्हणून पुठ्ठ्याचा पेनस्टँड किंवा कच्च्या कापडाची पिशवी द्यावी. पिशवी नवी असेल तर एकदा धुऊन खळ काढावी आणि तिच्यावर पोस्टर कलरऐवजी कापडाचा रंग वापरावा. तो वाळल्यावर पिशवी उलटी करून वाफ न वापरता इस्त्री आपण करावी.

घोडबंदरी

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. शेवटचा लेप म्हणून विकतचे वॉर्निश सुचवले जाते, पण लाकडाला लावायचा पांढरा गोंद पाण्यात कालवून दोन हात दिले तरी चकाकी येते, खर्च नगण्य असतो आणि वास अजिबात येत नाही. माझ्या घरातल्या लाकडी चकत्या अशाच केलेल्या आहेत आणि त्या उत्तम दिसतात.

निळी_दौत

दिसतात यात शंका नाही, पण जून ते सप्टेंबर या महिन्यांत त्यांच्यावर थंड पाण्याचा पेला ठेवून पाहावा. साधा पांढरा गोंद ओलीने पुन्हा मऊ होतो आणि दुधाळ पडतो, त्यामुळे पेला उचलताना चकतीही बरोबर येते. भिंतीवरच्या चौकटीला किंवा पुठ्ठ्याच्या डबीला हा लेप चालेल. चकतीला मात्र मी तो देणार नाही.

घोडबंदरी

मान्य, चकत्यांचा वापर आमच्याकडे शोभेपुरताच आहे. मग स्प्रे वॉर्निश का नको? बाल्कनीत सहज मारता येतो.

खिळे_जुळवणारा

पावसाळ्यात बाल्कनीत स्प्रे मारू नये. त्यातला विद्रावक झपाट्याने उडतो, तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्याच्यावर धरते आणि लेपाखाली पांढरट धुके कायमचे अडकते. कोरडी दुपार मिळाली तर पातळ थर देत जावे.

निळी_दौत

काकांच्या म्हणण्याला पुस्ती जोडते. स्प्रेची खरी गरज पडते ती पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा ठसा असेल तेव्हा, कारण पाण्यावर आधारलेले वॉर्निश ब्रशने फिरवले की ती शाई पुन्हा ओली होऊन ओढली जाते आणि मोराच्या पिसाऱ्याची निळी पट्टी होते. अशा ठशावर आधी स्प्रेचा हलका थर द्यावा आणि तो वाळल्यावर ब्रश चालवावा. ॲक्रिलिक रंगाच्या वाळलेल्या ठशाला ही भीती नाही. लेप हाताला कोरडा लागला म्हणून वस्तू लगेच एकावर एक रचू नयेत. तो आतपर्यंत कठीण व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि तोवर दोन चकत्या एकमेकींना चिकटतात. संक्रांतीचे वाण द्यायचे तर डिसेंबरच्या मध्यालाच हात घालावा.

मातीगंध (बेलापूर)

पणत्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. जांभळी नाक्यावर किंवा आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर ज्या साध्या पणत्या मिळतात त्या रंगवण्याआधी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवाव्यात. माती सच्छिद्र असते, आत ओल राहिली तर ती बाहेर पडताना विरघळलेले क्षार बरोबर आणते आणि रंगाखाली पांढरी भुकटी धरून पापुद्रे सुटतात. कुंड्यांवरचा रंग उडतो तोही याच कारणाने, त्यामुळे कुंडी बाहेरून रंगवायची असेल तर आतून जलरोधक लेप द्यावा किंवा रोप प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवून ती मातीच्या कुंडीत बसवावी.

पणतीवर शिक्का उठवण्यासाठी पसरट कड आणि बाहेरची बाजू एवढीच जागा मिळते. वातीच्या चोचीजवळचा भाग कोरा ठेवावा, कारण ॲक्रिलिक आणि वॉर्निश दोन्ही जळतात. आतली बाजूही रंगवू नये. माती तेल पिते आणि ते बाहेर झिरपून नक्षीखाली डाग पडतो, म्हणून रंगवलेल्या पणतीत तेलाऐवजी लहान मेणाची टिकली ठेवणे मला अधिक बरे वाटते, जरी आमच्या सासूबाईंना ते पटत नाही.

शिक्का म्हणाल तर गेरूच्या रंगाच्या मातीवर पांढऱ्या ॲक्रिलिकच्या बारीक रेषा सर्वांत खुलतात. वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग असतो, तीच जोडी येथे चालते.

खारघरवासी

आणखी एक शंका. चिनी मातीच्या मगवर शिक्क्याने नाव उठवून तो चहासाठी वापरता येईल का?

निळी_दौत

बाहेरून, आणि ओठ लागतात तेथून निदान २ सेंटीमीटर खाली उठवले तर चालेल. आतल्या बाजूला किंवा ताटलीच्या मधोमध, जेथे अन्न टेकते, तेथे शिक्क्याची शाई आणि हस्तकलेचे रंग वापरू नयेत, डबीवर ‘बिनविषारी’ असे छापलेले असले तरीही. ते रंग वापरताना धोका नाही एवढाच त्याचा अर्थ असतो, त्यांच्यावर जेवावे असा नसतो.

टिकण्यासाठी भट्टीत भाजायचे रंग घ्यावेत. पेबेओ कंपनीच्या ‘पोर्सलेन १५०’ या रंगाच्या नावातच तापमान आले आहे: २४ तास वाळवून मग १५० अंश सेल्सियसला ३५ मिनिटे. घरचा ओव्हन चालतो. रंगवलेला मग थंड ओव्हनमध्ये ठेवूनच ओव्हन सुरू करावा आणि बंद केल्यावर तो आतच निवू द्यावा, एकदम तापवल्यास किंवा बाहेर काढल्यास चिनी मातीला तडा जाऊ शकतो.

अनघड_हात

लाकडी ठशांचे काय? कापड छापायचे ठसे लाकडी करंड्यावर चालतात का?

मातीगंध

चालतात, पण सपाट झाकणावरच, कारण ते वाकत नाहीत. खाली जाड फेल्टचा तुकडा ठेवावा लागतो. गुजरातमध्ये गांधीनगरजवळच्या पेथापूरला हे ठसे सागवानात कोरतात आणि नवा ठसा तेलात मुरवतात, म्हणजे तो पाण्याने वाकडा होत नाही. मोठ्या ठशाला आरपार बारीक भोके असतात. ती हवा निघून जाण्यासाठी आहेत, रंगाने बुजली तर सुईने मोकळी करावीत.

खारघरवासी

शेवटचा प्रश्न, हे सामान घ्यायला जावे कोठे?

निळी_दौत

शाई, पूड आणि स्पंज घाऊक हवे असतील तर क्रॉफर्ड मार्केटशेजारची अब्दुल रेहमान स्ट्रीट गाठावी, रविवार टाळावा. लाकडी ठशांसाठी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये देशभरातील कारागिरांची प्रदर्शने भरतात तेव्हा फेरी मारावी. ठसा घेताना त्याची कोरलेली बाजू सपाट काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांवर बोट दाबून पाहावे. तो डुलत असेल, तर कोरीव काम कितीही सुरेख असले तरी घेऊ नये, एक कोपरा नेहमी कोराच राहील.